तिसरी पायरी: उचला

अनुमान

‘झळक’ हा बिनपाण्याचा फवारा विकत घेण्याच्या लायकीचा नाही.

(हे मी बाटलीचं बूच उघडण्याआधी लिहिलं. दहावीच्या जर्नलात मुलं हेच करतात, अनुमान आधी आणि निरीक्षणं मागून जुळवून. मी दहावीत असं केलं नव्हतं. नंतर तुर्भ्याच्या रंगांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं मालाची तपासणी केली, तेव्हाही नाही. त्रेसष्टाव्या वर्षी केलं. कारण कोंडिबा.)

उद्देश

फवाऱ्याची उपयुक्तता तपासणे.

खोडतो. खरा उद्देश असा:

आमची सोसायटी सानपाड्यात. एप्रिलपासून पाणी एकच वेळ येतं. कमिटीत विषय निघाला की गाड्या बादलीनं धुणं बंद करायचं. सेक्रेटरी सौरभ दारात आला तो हातात बाटली घेऊनच. निळी, फिरकीच्या बुचाची, वर मोठ्या अक्षरात ‘झळक’.

“काका, सिंपल आहे. तुम्ही क्वालिटीवाले. रविवारच्या मीटिंगला एक रिपोर्ट द्या. पास म्हणालात तर आपण सगळ्यांसाठी एकदम मागवू. ज्याची गाडी तो फवारणार, तोच पुसणार. पाच मिनिटं. फेल म्हणालात तर आहे ती बादली चालू, काय करणार.”

“मोबाइलवर लोक काय म्हणतायत?”

“चार हजार जणांनी चांगलं म्हटलंय.”

“त्यातल्या कितीजणांनी आपल्याकडची धूळ पाहिलीय?”

“म्हणून तर तुमच्याकडे आलो ना.”

“आणि कोंडिबाचं काय?”

“बघू ना.”

आमच्या सोसायटीत ‘बघू ना’ म्हटलेल्या गोष्टी मी पाहिल्या आहेत. बंद पडलेली दुसरी लिफ्ट त्यातलीच.

कोंडिबा आमच्या एकोणतीस गाड्या धुतो, दिवसाआड, सकाळी साडेसहापासून. सहा वर्षं झाली. त्याआधी एकतीस वर्षं वाशीच्या मसाला मार्केटात मिरचीच्या गाळ्यावर हमाली. गाव मेढ्याच्या वर. बायको, प्रेमलाबाई, ती एकतीस वर्षं गावाला, शेत आणि सासू सांभाळत. नातू झाला तेव्हा मुलाने, विश्वजितने, तिला कोपरखैरण्याला आणलं. एकदा गाडीची काच पुसता पुसता कोंडिबा मला म्हणाला होता, “लगीन व्हऊन सदतीस वर्सं, सायेब. संसार सहा वर्सांचा.”

आणि गेल्या महिन्यात म्हणाला होता, “पोरगं म्हनतंय, काम सुटलं तर गावाला जाऊन ऱ्हा. घर बंद पडलंय, कौलं उडाल्यात. आईला मात्र इथं ठिव. बाळाला कोन बघनार?”

म्हणजे बाटली पास झाली की कोंडिबाचं काम सुटणार, आणि काम सुटलं की तो पुन्हा तिकडे, बाई इकडे. फक्त जागा बदलायच्या.

तर उद्देश: तसं होऊ न देणे.

साहित्य

१. ‘झळक’, एक बाटली. सोबत एक मऊ करडं कापड.

२. माझी गाडी. गडद निळी, सात वर्षांची. दर बुधवारी उलव्याला सईकडे, म्हणजे मुलीकडे, जाते आणि खडी-सिमेंटची पावडर लावून परत येते. बोटानं नाव लिहिता येतं.

३. चिकटपट्टी.

४. भिंग. कारखान्यातलं. निवृत्तीच्या दिवशी चुकून खिशात आलं.

५. स्टिकरांची रिळं, तीच चूक. हिरवं पास, लाल रिजेक्ट, पिवळं होल्ड. होल्ड म्हणजे माल बाजूला ठेवा, निर्णय बाकी. सध्या वैजयंती, माझी बायको, ती फ्रिजमधल्या डब्यांना लावते. दोन दिवसांच्या भाजीला पिवळं. मला वाढायची असेल तर हिरवं.

६. वैजयंती. (तिचं म्हणणं, तिला साहित्यात धरू नये.)

कृती

शुक्रवार, सकाळी सात. बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावली. डावा अर्धा आज, उजवा राखून ठेवला. बाटलीवर मराठीत चार पायऱ्या छापल्या होत्या:

फवारा.
कापड ठेवा.
उचला.
घडी बदला.

बाटल्यांवरचं मराठी वाचणं मी फार पूर्वी सोडलं आहे. आमच्या शाम्पूवर ‘केसांवर अर्ज करा’ असं लिहिलेलं असतं. तेव्हा ‘कापड ठेवा, उचला’ हे कुणीतरी पाट्या टाकत केलेलं भाषांतर आहे, असं समजून मी ते मनातल्या मनात दुरुस्त केलं: कापड उचला आणि लागा कामाला. फवारलं. मग गोल गोल, जोर लावून, आरसा पुसतात तसं पुसलं.

निरीक्षण १

ओलं असताना चमक उत्तम. स्वतःचा चेहरा दिसला, टक्कल धरून.

निरीक्षण २

गाडी पार्किंगमधून बाहेर उन्हात घेतली. डाव्या अर्ध्यावर बारीक गोल गोल चरे. भिंगाखाली शेकडो. धुळीतले खडीचे कण कापडाखाली फिरले होते आणि मीच ते फिरवले होते, पण हे वाक्य त्या वेळी मी लिहिलं नाही.

निरीक्षण ३ (साहित्य क्र. ६ यांचं)

“अगंबाई! हे कोळ्याचं जाळं कुणी काढलं?”

“प्रयोग आहे.”

“आपल्याच गाडीवर?”

“मग कुणाच्या गाडीवर करणार?”

“सौरभच्या! त्याची बाटली, त्याची गाडी. तुम्हाला कुणी सांगितलं सत्यवान व्हायला?”

“अगं, फेल झाली बाटली. प्रामाणिकपणे फेल झाली. मला खोटं लिहावंच लागलं नाही.”

तिनं माझ्याकडे बघितलं आणि रिळातलं पिवळं स्टिकर काढून माझ्या शर्टाच्या खिशावर लावलं.

पण मला आनंद झाला होता, हे नोंदवायला हवं. स्वतःच्या गाडीचं वाटोळं करून इतका आनंद झालेला माणूस त्या दिवशी सानपाड्यात दुसरा नसावा.

निरीक्षण ४

कोंडिबा आला. बादली डाव्या हातात, अर्धीच भरलेली. मी त्याला तिथूनच ओरडून सांगितलं, “कोंडिबा, टेन्शन नको! बाटली फेल. तुमची बादली चालू राहणार.”

त्यानं बादली खाली ठेवली. खुश झाला नाही. उन्हात येऊन माझ्या बॉनेटकडे बघत उभा राहिला.

“फेल कशी वो सायेब?”

“चरे पडतायत.”

“आता काय करायचं मग.”

“का? तुमचं काम वाचलं ना.”

“वाचलं,” तो म्हणाला. मग उजवा हात वर उचलायला लागला. हात छातीपर्यंत आला आणि थांबला. त्यानं तो डाव्या हातानं धरून हळूच खाली सोडला, दुसऱ्याची वस्तू जपून ठेवावी तसा. “दोन म्हैनं झालं. खांदा ग्येला. मिरचीची पोती व्हायली की त्यावर. डाक्टर म्हनला, उचलायचं बंद. समदंच. नळापास्नं हितवर एक बादली आनतोय तर डोळ्याम्होरं काजवं. घरी कुनाला ठावं न्हाय. परमिलाला ठावं हाय, पन ती बोलत न्हाय.”

परमिला म्हणजे प्रेमलाबाई.

“तुमच्या बाटलीची मी वाट बघत व्हतो, सायेब. रातच्याला तिला म्हनलं बी, पास झाली तर बादलीचं वझं सुटलं.”

“अहो, पण पास झाली तर लोक आपापल्या गाड्या आपणच पुसणार. सौरभ तेच म्हणतोय.”

कोंडिबा पहिल्यांदा हसला. “पुसतील की. आठ दिस. नवव्या दिवशी मला हाळी मारतील. एकोनतीस गाड्यावाल्यांची मला खडान्‌खडा म्हाईती हाय. त्या सौरभसायबाच्या गाडीत गेल्या दिवाळीपास्नं एक चकली पडलीया. मागच्या शीटखाली. त्यो गाडी पुसनार?”

(निरीक्षण ४ इथे संपतं.)

मधला कागद, कोणत्याही शीर्षकाखाली न बसणारा

फेल लिहिलं, जे खरं आहे, तर बादली चालू राहते आणि कोंडिबाचा खांदा आणखी महिनाभरात त्याला गावाला पाठवतो.

पास लिहिलं तर ते खोटं. एकोणतीस गाड्यांवर कोळ्याची जाळी, आणि मग बाटलीही जाते आणि कोंडिबाही.

मी ज्याला वाचवायला निघालो होतो त्याला एका शब्दानं विचारलं नव्हतं. कारखान्यात आम्ही निदान मालाचा नमुना तरी घेत होतो.

कृती (पुन्हा. करणारा वेगळा.)

“बघू ती चरं,” कोंडिबा म्हणाला. मी भिंग दिलं. तो वाकून बघत राहिला.

“सायेब, रागावू नका. तुमी ह्ये रगाडलंय.”

“पुसलं.”

“तेच त्ये. तिखट सांडल्यावर पुसत्यात व्हय?”

“म्हणजे?”

“गाळ्यावर पोतं फुटलं, अंगावर तिखट आलं, तर नवा गडी हातानं पुसतो. मग बोंबलत बसतो रातभर. कातड्यात भरतंया त्ये. जुना गडी पुसत न्हाय. वल्लं फडकं वर ठिवतो, थांबतो, अन् उचलतो. तिखट फडक्याबरुबर येतंय. धूळ काय अन् तिखट काय, टोचनारी जात हाय. चोळली की चावनार.”

मी बाटली त्याच्याकडे दिली. का दिली सांगता येत नाही. त्यानं चष्मा नसल्यानं ती लांब धरली आणि बोट ठेवून, शाळेत वाचतात तसं, मोठ्यानं वाचलं. “फ-वा-रा. कापड ठे-वा.” मग थांबला. “उ-च-ला.”

माझ्याकडे बघितलं. “ह्यावर तर लिव्हलंय.”

“हो.”

“तुमी वाचलं न्हाय?”

“वाचलं. पण मला वाटलं, चुकीचं लिहिलंय.”

“सायेब,” तो म्हणाला, “ह्यो शबुद आमाला चुकीचा कसा वाटंल? एकतीस वर्सं दुसरं काय ऐकलंच न्हाय.”

उजवा अर्धा बॉनेट राखलेला होता. कोंडिबानं फवारा मारला, माझ्या तिप्पट, धूळ काळी पडेपर्यंत. करड्या कापडाची चौघडी केली. डाव्या हातानं ती वर ठेवली आणि हात काढून घेतला. मग मोजायला लागला. “लाभ... दोन... तीन...” धान्य मापताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, मोजायची सुरुवात शुभ व्हावी म्हणून. बाजारातली माणसं एकाला लाभच म्हणतात. ते मी कित्येक वर्षांनी ऐकत होतो. “...धा.” आणि स्वतःच हाळी दिली, “उचला!”

कापड सरळ वर आलं, पापड तळणीतून यावा तसं. खालच्या बाजूला धुळीचा चौकोन, काठ धरून. घडी बदलली. शेजारी ठेवलं. लाभ, दोन, तीन.

उजवा हात सबंध वेळ अंगाशी लोंबत होता. त्याची गरज पडली नाही.

“जड न्हाय,” तो म्हणाला. “डाक्टरला सांगाय पायजे, उचलन्यात बी फरक असतोय.”

निरीक्षण ५

उजवा अर्धा. ऊन, भिंग, तीन वेळा. चरे शून्य.

चौथ्यांदा वैजयंतीनं बघितलं. “आणि डावा अर्धा कोण भरून देणार?” असं विचारून वर गेली.

निरीक्षण ६

कोंडिबानं बाकीची गाडी त्याच पद्धतीनं केली. पंधरा मिनिटं. पाणी: नाही. तो गेल्यावर बादली तिथेच राहिली होती, अर्धी भरलेली. ती मी कुंड्यांना घातली.

दक्षता

रविवारी अकराला क्लबहाउसमध्ये मीटिंग झाली. मी लोकांना खुर्च्यांवरून उठवून गाडीपाशी नेलं. रिपोर्ट वाचायच्या ऐवजी बोट दाखवलं: हा डावा अर्धा एका बीएस्सी केमिस्ट्री झालेल्या माणसाचा, हा उजवा सातवी झालेल्याचा. बाटली तीच. कापड तेच.

“म्हणजे पास का फेल, काका?” सौरभ.

“बाटली पास. वर जे लिहिलंय ते करणार असाल तर घेण्यासारखी आहे. पुसणार असाल तर घेऊ नका. हे काम कोंडिबाला जमतं. त्यालाच द्या.”

“अहो, ठेवायचं, उचलायचं. यात काय जमायचंय? आम्ही करू की.”

बी विंगच्या राजलक्ष्मी मॅडम म्हणाल्या, “उलट छान. तेवढाच सकाळी व्यायाम.” टाळ्याही वाजल्या. ठराव झाला: बाटल्या मागवा, एक तारखेपासून बादली बंद, गाडीमालक स्वतः करतील. कोंडिबाबद्दल शेवटी मीच विचारलं. “बघू ना,” सौरभ म्हणाला. या वेळी माझ्याकडे न बघता.

कोंडिबा बाहेर वॉचमनच्या खुर्चीशेजारी उभा होता. मी सांगितल्यावर म्हणाला, “आठ दिस, सायेब. म्या सांगितलं न्हवं?” पण जरा वेळानं म्हणाला, “पोरानं आधीच यष्टीचं तिकीट काढून ठिवलंया. एक तारखेपास्नं बारावा दिवस. एकाचंच.”

दक्षता: लोकांनी लेबल वाचलं असं कधीही गृहीत धरू नये.

निरीक्षणं, चालू

दिवस पहिला. पार्किंगमध्ये सतराजण. मुलं, मोबाइल, फोटो. जत्रा. कोंडिबा फक्त माझी गाडी करून गेला. लाभ, दोन, तीन.

दुसरा. नऊजण.

तिसरा. सौरभ दारात. “काका, तुमचा रिपोर्ट चुकला. माझ्या बॉनेटवर चरे.” मी भिंग घेऊन खाली गेलो. “सौरभ, तू रगाडलंस.” “मी पुसलं, काका.” हा संवाद मला तोंडपाठ होता. मागच्या सीटखाली वाकून बघितलं. चकली आहे.

चौथा. चार.

पाचवा, सहावा. राजलक्ष्मी मॅडमनी गाडीला कव्हर घातलं. म्हणाल्या, कव्हर घातलं की धूळच बसत नाही. व्यायामाचं विचारलं नाही.

सातवा. नोंद नाही. माझा बीपी.

आठवा. एक. तोही नुसता हॉर्न तपासायला आला होता.

नववा. आज हाळी यायची होती. कोंडिबा माझी गाडी आटोपून पालथ्या बादलीवर बसला. साडेसात. आठ. नऊ. माणसं धुळीच्याच गाड्या घेऊन कामाला गेली. एकाच्या मागच्या काचेवर कुणीतरी बोटानं ‘मला धुवा’ लिहिलं होतं. कुणी कोंडिबाला हाक मारली नाही.

“धूळ लोकांना चालते की काय,” मी म्हणालो.

“चालत न्हाय, सायेब. लाजत्यात. मीटिंगीत टाळ्या वाजवल्यात न्हवं.”

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. हिशेब त्याचाही चुकला होता, तरी चूक कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं.

दहावा. तोच. माझी गाडी, बादली, नऊपर्यंत. प्रेमलाबाई बरोबर आल्या होत्या. लहानखुऱ्या, डोक्यावर पदर. जुन्या सुती लुगड्याची दहा-बारा फडकी, काठ शिवून, धुऊन, इस्त्री केल्यासारखी घडी घालून आणली होती. “बाटलीसंगं येकच देत्यात,” त्या म्हणाल्या. “घडी बदलाय किती पुरनार?” कोंडिबा म्हणाला, “आता कुनासाठी आनलीस?” त्यांनी फडकी त्याच्या पालथ्या बादलीवर ठेवली.

वर जाऊन मी वैजयंतीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. “लाजतात ना? मग कुणीतरी पहिलं म्हणावं लागेल. आणि ते तुम्ही म्हणून चालणार नाही, तुम्ही रिपोर्टवाले.” तिनं फोन उचलला. “राजलक्ष्मी? मी वैजयंती. अगं, ते फवाऱ्याचं तुला जमतंय का गं? मला तर बाई अजिबात जमत नाही. ह्यांनी तर आमच्या गाडीवर जाळंच काढलंय. बघितलंसच तू.” मग बराच वेळ ऐकत राहिली, मेथीच्या काड्या मोडत, आणि मला डोळ्यानं खूण केली: बसा.

(साहित्य क्र. ६ साहित्यात धरणं बरोबर होतं.)

अकरावा दिवस, सव्वासात

बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरून, गॅलरीतून, सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशी हाक:

“कोंडिबाऽ! अहो, माझ्या गाडीची ती उचलाउचली करून जा हो!”

खाली कुणीतरी हसलं. त्याच्या मागोमाग ए विंगमधून दुसरा आवाज आला. “कोंडिबाकाका, इकडेपण!” सौरभ लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून लिफ्टमधून बाहेर पडत होता. तो थांबला, किल्ली काढली, आणि कोंडिबाच्या बादलीवर ठेवली. “सीटखालीपण बघा जरा,” हळू आवाजात म्हणाला.

“चकली ना?” कोंडिबा म्हणाला.

साडेआठपर्यंत बादलीवर अकरा किल्ल्या होत्या. एकोणतीस नाहीत. अकरा.

“पुरे हाईत का?” मी विचारलं.

“आता सुरवात हाय. खांद्याला बी सवय व्हऊ दे.” त्यानं माझ्या खिशाकडे बघितलं. पिवळं स्टिकर धुण्यातून निघालं तरी चिकटूनच होतं. “ह्ये काय असतंय वो? रोज बघतोय.”

“होल्ड. म्हणजे निर्णय बाकी.”

“मग ह्ये माझ्या खांद्याला लावा.”

मी लावलं. अर्धवट चिकटलं, पण राहिलं.

मग त्यानं फोन काढला, डाव्या हातानं, आणि मोठ्यानं बोलला, कारण फोनवर तो नेहमी मार्केटातल्यासारखाच बोलतो.

“विश्वा? त्ये उद्याचं तिकीट... न्हाय, न्हाय, रद्द नगं करू. दोन कर. आईचं बी काढ. कौलं बसवून, गावची जत्रा करून, चार दिसांत माघारी येतो. दोघं... बाळाचं? चार दिस तुझं तू बघ की. आमी एकतीस वर्सं बघितलं.”

फोन खिशात घातला. राजलक्ष्मी मॅडमच्या पांढऱ्या गाडीवर फवारा मारला, तिप्पट. लुगड्याच्या फडक्याची घडी ठेवली आणि हात काढून घेतला.

“लाभ,” तो म्हणाला.